शिमानामी काइदो सायकलने एका दिवसात होतो का, की दोन दिवस ठेवावेत?

एका दिवसात आरामात होतो, फक्त सकाळी लवकर निघायला हवं. तुम्ही लिहिलंय की वीस-तीस किलोमीटरची सवय आहे, पण जपानमधल्या या मार्गावरच्या पुलांच्या चढांची धास्ती वाटते. ती धास्ती आधी काढून टाका. हा मार्ग एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पुलांनी जातो. ओनोमिची हे त्याचं एक टोक आणि इमाबारी दुसरं, मध्ये साधारण 70 किलोमीटर अंतर आहे, आणि प्रत्येक पुलावर चढायला सायकलवाल्यांसाठी वेगळी वाट काढलेली आहे. तिचा चढ 3 टक्क्यांच्या आसपास. झाडीतून वळणं घेत ती वर जाते. हलका गिअर टाकून बोलत बोलत चढता येतं.

खरा कस लागतो तो ओशिमा बेटावर. तिथे रस्ता किनारा सोडून आत शिरतो आणि दोन चढ लागतात. ओनोमिचीहून येताना ते अगदी शेवटच्या टप्प्यात येतात, तेव्हा पाय शिल्लक ठेवा. तरीही मी याच दिशेने जा म्हणेन, कारण त्या चढांनंतर कुरुशिमाचा पूल आहे.

ओनोमिचीहून पहिल्या बेटावर, मुकाइशिमाला जाताना पुलाच्या नादी लागू नका, तो अरुंद आहे. सगळे सायकलवाले फेरी घेतात, पाचेक मिनिटांत पलीकडे. तिथून रस्त्याच्या डाव्या कडेला निळी रेघ सुरू होते आणि दर किलोमीटरला इमाबारी किती राहिलं ते रस्त्यावरच लिहिलेलं असतं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे गोंधळ होत नाही. पुढच्या इन्नोशिमा बेटाच्या पुलावर सायकलची वाट मोटारींच्या रस्त्याच्या खालून, लोखंडी सांगाड्याच्या आतून जाते. डोक्यावर गाड्यांची धडधड आणि दोन्ही बाजूंना जाळीतून समुद्र. फोटोत हे येत नाही.

वेळ खर्च करायचा तो इकुचिजिमावर. लिंबांचं बेट आहे हे, उतारांवर बागाच बागा. सेतोदा गाव ओलांडलं की रस्ता अगदी पाण्याला लागून जातो, सपाट. समोर सेतो अंतर्गत समुद्रातली बेटं एकामागे एक, मागची मागची फिकट होत गेलेली. लाटा जवळजवळ नसतातच. इथे अर्धा तास बसलात तरी वेळ वाया गेला असं समजू नका.

मग तातारा पूल. 1999 साली खुला झाला तेव्हा 890 मीटरच्या गाळ्यामुळे (दोन मनोऱ्यांमधल्या अंतरामुळे) तो केबलवर तोललेल्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब होता. त्याच्या मनोऱ्याखाली उभं राहून टाळी वाजवा: आवाज दोन खांबांमध्ये आपटत, थरथरत वर चढत जातो. मी वाजवली, मागून आलेल्या आजोबांनी वाजवली, आणि आम्ही दोघंही हसलो. पुलावरच हिरोशिमा प्रांत संपून एहिमे सुरू होतो.

ओमिशिमा आणि हाकाताजिमा या मार्गावर थोडक्यात आटोपतात. (ओयामाझुमी देवस्थान पाहायचं असेल तर मात्र ओमिशिमाच्या दुसऱ्या बाजूला जावं लागतं, आणि तेवढ्यासाठी दोन दिवस ठेवणं योग्यच.)

कुरुशिमाचा पूल म्हणजे सलग तीन झुलते पूल, एकूण सुमारे 4 किलोमीटर. खालच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा प्रवाह 10 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरपर्यंत जातो. भोवरे वरूनही दिसतात. प्रवाहाची दिशा बदलली की जहाजांनी कोणत्या वाटेने जायचं तेही बदलतं, असा तिथला नियम आहे. कठड्याशी सायकल टेकवून एखादं जहाज पूर्ण पलीकडे जाईपर्यंत पाहा.

भाड्याची साधी सायकल ओनोमिचीला घेऊन इमाबारीच्या बाजूला जमा करता येते. इलेक्ट्रिक हवी असेल तर ही सोय आहे का ते आधी विचारा. सायकल जमा करायची केंद्रं संध्याकाळी बंद होतात, त्यामुळे ती परत करायची वेळ निघतानाच पक्की करून घ्या. मोठी बॅग सोबत नेऊ नका, कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवता येते. महिना निवडता येत असेल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून-जुलैमध्ये पावसाळा, पुढे वादळांचे दिवस, आणि जोराच्या वाऱ्यात पुलांवर सायकल सांभाळणं चढापेक्षा कितीतरी अवघड जातं.