वजनकाट्यावरची पाळी आणि बी.कॉम.

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 41, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. 2002 साली बारावी कॉमर्स झाले, मग घरच्या अडचणीत शिक्षण सुटलं. आता हिशेब विभागात जायचं तर पदवी मागतात. एका ऑनलाइन बी.कॉम.वाल्यांचा रोज फोन येतो, 'व्हिडिओ बघा, घरबसल्या डिग्री घ्या.' बायको म्हणते, दोन दिवसांत कंटाळाल. ते विचारतात, या वयात मला जमेल का?

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडलो: 'रोज दीड तास नक्की काढीन.' वयाचं सोडा, गाडं अडलं तर इथेच अडेल. हिशेब मांडून बघा, तुम्हाला तर हिशेबाचीच नोकरी हवी आहे. इग्नूत, म्हणजे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात, एका क्रेडिटला (अभ्यास मोजायचं माप) 30 तासांचा अभ्यास धरतात. पदवीची 120 क्रेडिटं धरली तरी 3600 तास झाले. तीन वर्षांत संपवायचे तर आठवड्याला 23 तास पडतात. तुमचे दीड तासाने होतात साडेदहा, तेही रोज काढले तर. उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रांगेत असतात तेव्हा हे दीड तास कुठून येणार?

म्हणून तीन वर्षांचा नाद सोडा. इग्नूत तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. वर्षाला 600 तास. हंगामात आठवड्याला आठ आणि कारखाना बंद असताना चौदा-पंधरा, असे ते बसतात, पण जेमतेम. परीक्षा जून आणि डिसेंबरात असतात. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम, तेव्हा जास्तीत जास्त पेपर जूनमध्येच द्यायचे.

आता जमेल का ते. याचं उत्तर मी देऊ शकत नाही, फी भरण्याआधी तुम्हीच तीन आठवड्यांत काढू शकता. आणि ही चाचणी हंगामातच घ्या. जूनमधल्या निवांत आठवड्यात सगळेच अभ्यासू असतात.

इग्नूच्या ई-ज्ञानकोश या वेबसाइटवर पुस्तकं फुकट मिळतात. फायनान्शियल अकाउंटिंगचं एक युनिट उतरवा, झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या. दहा पानं वाचा, कागद उलटा ठेवा आणि काय वाचलं ते एक पान हाताने लिहा. हाताने का? इग्नूत 70 टक्के गुण सत्रांत परीक्षेचे असतात आणि ती केंद्रावर बसून पेनाने लिहायची असते. उरलेले 30 टक्के स्वाध्यायांचे, तेही हातानेच लिहायचे. तुमचा हात गेली वीस वर्षं गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन यापलीकडे फारसा गेला नसेल. माझ्याकडे आलेल्या एका रिक्षावाल्या दादांना सगळं येत होतं, पण अर्ध्या तासात बोटं आखडायची. त्यांनी रोज एक पान लिहून हात सोडवला.

दहा पानांना दोन तास लागले आणि इंग्रजी शब्दांपाशीच अडलात, तर तुम्ही तयार नाही असं नव्हे, माध्यम चुकलंय. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. मराठीतून करता येतं आणि त्याची अभ्यासकेंद्रं आसपासच्या कॉलेजांत असतात. इतक्या वर्षांनी पुन्हा सुरुवात करणाऱ्याला नुसत्या व्हिडिओवर सोडायला माझा जीव धजत नाही. घरी वाचायचं आणि सुट्टीला केंद्रावर जाऊन अडलेलं विचारायचं, हेच तुम्हाला झेपेल असं वाटतं. वेळापत्रक मात्र आधी केंद्रात जाऊन बघा.

फोनची परीक्षाही घ्या. पोराला हात लावू देऊ नका. लिहिलेल्या पानाचे फोटो काढून त्यांची एक पीडीएफ करा, ती स्वतःला मेल करा, आणि पासपोर्ट फोटो 50 केबीत बसवा. मग डीईबी आयडी काढा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दूरस्थ शिक्षण विभागाच्या वेबसाइटवरचा नोंदणी क्रमांक. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीच्या प्रवेशाला तो लागतो आणि त्याआधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटांच्या खात्याचा क्रमांक. एका संध्याकाळी झालं नाही तरी चालेल, पण तिसऱ्या संध्याकाळी एकट्याने व्हायला हवं. त्याच वेबसाइटवर यूजीसीच्या यादीत त्या फोनवाल्यांच्या विद्यापीठाचं नाव आणि बी.कॉम. आहे का तेही बघून घ्या. नसेल तर पुढचा फोन उचलूच नका.

राहिल्या वहिनी. त्यांच्या म्हणण्याचा राग धरू नका, उलट परीक्षक त्यांनाच नेमा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी लिहिलेलं पान दिसेल त्या चौकटीत त्यांनी खूण करायची, तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. 21 पैकी पंधरा चौकटी भरल्या तर जुलैच्या प्रवेशाची कागदपत्रं काढायला घ्या. दहा ते चौदा असल्या तर पहिल्या खेपेला कमी विषयांची तयारी करा. दहाच्या आत राहिलात, तर यंदाची फी वाचली म्हणायचं आणि पुढच्या हंगामात पुन्हा मोजायचं.