नवीन गेको (पाळायची पाल) आणलायस? आधी शी तपासून घे

भावा, नवीन लेपर्ड गेको लगेच जुन्याच्या टँकमध्ये नको टाकूस, दोन-तीन महिने वेगळा ठेव, खाली नुसता टिश्यू पेपर, म्हणजे शी लगेच दिसते. ताजी शी घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेव, फ्रीजरमध्ये नाय, आणि माशांच्या डब्यापासून लांब नायतर आई ओरडेल, 24 तासांच्या आत व्हेटकडे पोचव, रत्नागिरीत सरड्या-पालींचा कोण बघत नसेल तर फोन करून कोल्हापूरला विचार. एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून खूश नको होऊस, क्रिप्टो (आतड्यातला परजीवी) दरवेळी शीत सापडतच नाय, शेपटी बारीक होत चालली तर पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) करायला सांग. साध्या ब्लीचने क्रिप्टो मरत नाय हां, मी पण तेच ओतत बसलेलो. पावसात ट्यूबखाली ढीगभर किडे येतात, ते पकडून घालू नकोस. आणि हाताळल्यावर हात साबणानेच धू, साल्मोनेला (जुलाब करणारा जंतू) आपल्याला पण होतो.