एक गोल चुकला की पुढचा पेपरच ढासळतो

प्रश्न : मुलगी ‘नीट’ (मेडिकलची प्रवेश परीक्षा) रिपीट करतेय, लातूरला क्लास लावलाय. घरी सगळं येतं. पण टेस्टमध्ये एक चूक लक्षात आली की पुढचं सगळं बिघडतं. परवा ‘अयोग्य विधान ओळखा’मध्ये घाईत योग्य विधानाचा गोल काळा केला आणि नंतर फिजिक्सचे येणारे प्रश्नही कोरे सोडून आली. तिथे एकांनी ‘माइंडफुलनेस’ची, म्हणजे ध्यानाची, तीन महिन्यांची बॅच काढलीय. त्याने चुका कमी होतात म्हणे. फी बरीच आहे. लावावी का? आणि एवढ्यातेवढ्याने गडबडणारी मुलगी डॉक्टर होईल का? – एक आई, नांदेड जिल्हा

उत्तर : ताई, बॅचला पैसे घालू नका. ध्यानाला माझा विरोध नाही. पण ‘चुका कमी होतात’ ही जाहिरात झाली.

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात यानली लिन, जेसन मोझर आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक जणांवर एक प्रयोग केला; तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. यातल्या कुणीच आधी ध्यान केलेलं नव्हतं. काहींना वीस मिनिटं ध्यानाला बसवलं : विचार, अंगातली संवेदना, जे येईल ते नुसतं न्याहाळायचं. मग सगळ्यांना झटपट उत्तरं द्यायची, मुद्दाम गोंधळात पाडणारी चाचणी दिली आणि ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, मेंदू काय करतो ते पाहिलं.

आपण चुकलो की मेंदूत आधी एक लहर उठते, सेकंदाच्या दहाव्या भागातच. तिच्यामागून, साधारण अर्ध्या सेकंदापर्यंत, दुसरी येते, ‘अरे, चुकलं!’ ही जाणीव होते तिच्याशी या लहरीचा संबंध. ध्यान केलेल्यांमध्ये ही दुसरी लहर जास्त जोरकस दिसली. चाचणीतली कामगिरी मात्र लगेच सुधारली नाही. वीस मिनिटांत काय होणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण मग त्यावरून मार्कांची हमीही कुणी देऊ नये.

तुमच्या लेकीला चूक कळते, लगेच कळते. घोडं अडतं ते त्यानंतर. त्या गोलाचा हिशोब बघा : बरोबर उत्तराचे चार गेले, वर एक कापला. पाच गुणांचं नुकसान, आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवरचा गोल काही खोडता येत नाही. फिजिक्सचे प्रश्न त्या गोलाने घालवले नाहीत, त्याच्याभोवती घुटमळणाऱ्या मनाने घालवले.

म्हणून सकाळी दहा मिनिटं तिला आहे तिथेच बसू द्या, फुकटात. श्वास चालू आहे, मिक्सरचा आवाज येतोय, ‘यंदाही नंबर नाही लागला तर?’ हा विचार आला. आला म्हणून नोंद घ्यायची, त्याच्याशी भांडायचं नाही. टेस्टमध्येही हेच. चुकलं हे कळलं की पेन खाली, एक श्वास, प्रश्नपत्रिकेवर त्या नंबरपाशी टिंब, आणि पुढचा प्रश्न. ते टिंब संध्याकाळी वहीत उतरवायचं : वाचण्यात चुकलं, आकडेमोडीत, की धडाच कच्चा होता? ही वही ध्यानापेक्षा महत्त्वाची, असं माझं मत. मोझर यांच्याच २०११च्या अभ्यासात, बुद्धी प्रयत्नाने वाढते असं मानणाऱ्यांची ती दुसरी लहर मोठी होती आणि चुकीनंतरचं उत्तरही जास्त वेळा बरोबर आलं.

डॉक्टरकीचं म्हणाल, तर चूक होणारच हे धरूनच तो व्यवसाय चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी आणली ती त्यासाठीच : रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कुठल्या जागी, शेवटी सुया नि कापसाचे बोळे मोजले का. चूक कळूनही गप्प बसणाऱ्याची मला धास्ती वाटते. तुमची मुलगी तशी नाही.

तुमच्याकडून एकच हवंय. रविवारी टेस्ट झाली की फोनवर पहिला प्रश्न ‘किती पडले?’ नको. जेवली का, ते विचारा. झोप उडाली असेल, सारखी रडत असेल, जगण्यावरच मन उडाल्यासारखं बोलत असेल, तर ध्यानाच्या भरवशावर राहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा आणि डॉक्टरांना भेटा.

बॅचचे पैसे वाचतील त्यातून एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरून ठेवा. बी.फार्मसीचा रस्ता खुला राहील, आणि तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.