गोल्ड रशच्या हुंड्या जमवू पाहणाऱ्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियातील खाण कंपनीचे जे शेअर प्रमाणपत्र तू घेऊ म्हणतोस, ते देखणे आहे, पण कोरे आहे. त्यावर ना भागधारकाचे नाव, ना सही. ते घेऊ नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. छापखान्यातून निघून कंपनीच्या कपाटातच पडून राहिलेल्या कागदाने एकही व्यवहार पाहिलेला नसतो. त्याऐवजी खाणवस्तीतल्या एखाद्या पेढीने लिहिलेली, पाठीमागे दोन-तीन जणांच्या सह्या झालेली हुंडी, म्हणजे दुसऱ्या गावी पैसे चुकते करण्याची लेखी चिठ्ठी, शोध.

ती वाचायची कशी, हे आधी समजून घे. १८४८च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे सोने सापडल्यानंतर जे लोक तिकडे लोटले (यालाच गोल्ड रश म्हणतात), त्यांच्या हाती सोन्याची भुकटी असे आणि घरी मात्र पैसे पाठवायचे असत. टांकसाळीत शुद्ध सोन्याला औंसामागे २०.६७ डॉलर मिळत, तर वस्तीत भुकटी साधारण १६ डॉलरने चाले. भुकटी पूर्ण शुद्ध नसे हे खरे, तरी पेढीवाल्यांचा बराचसा नफा या फरकातच होता. भुकटी देऊन खाणकामगार न्यूयॉर्कसारख्या शहरावरची हुंडी घेई. जहाज बुडाले तर रक्कम बुडू नये म्हणून एकाच हुंडीच्या दोन किंवा तीन प्रती लिहून त्या वेगवेगळ्या बोटींनी पाठवीत आणि एक वटली की बाकीच्या आपोआप रद्द होत. आपल्याकडे हुंडी गहाळ झाल्यावर पैठ, म्हणजे तिची दुसरी प्रत, मागून घेत. तिथे ही सोय आधीच केलेली असे. म्हणून ‘दुसरी’ असे छापलेली प्रत पाठीमागून कोरी निघाली, तर तेवढ्यावरून तिला बनावट ठरवू नकोस.

बुडालेल्या पेढ्यांचे कागद मला विशेष मोलाचे वाटतात. २३ फेब्रुवारी १८५५ रोजी अ‍ॅडम्स आणि कंपनी या कॅलिफोर्नियातील मोठ्या पेढीने दारे बंद केली, तेव्हा तिच्या ठेवपावत्या लोकांच्या हातात तशाच राहिल्या. अशा पावतीवर रद्द केल्याची खूण नसणे हाच तिच्या इतिहासाचा भाग असतो.

तारीख आणि महसूल तिकीट (कर भरल्याची खूण म्हणून कागदावर चिकटवलेले तिकीट) यांचा मेळ नेहमी तपासावा. अमेरिकेच्या केंद्र सरकारची अशी तिकिटे १८६२ मध्ये सुरू झाली, त्यामुळे १८५३च्या कागदावर ती दिसली तर विक्रेत्याला नम्रपणे नकार द्यावा. कॅलिफोर्निया राज्याने मात्र १८५७ पासूनच हुंड्यांवर स्वतःचा मुद्रांक कर बसवला होता, तेव्हा राज्याचे तिकीट आणि केंद्राचे तिकीट यांत गल्लत करू नकोस. भिंगाखाली अक्षरे रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती अलीकडची नक्कल समज. जुनी शाई बहुधा तपकिरी पडून कागदात मुरलेली असते.

घरी आणलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिएस्टरची पाकिटे वापर आणि पावसाळ्यात कपाटातील दमटपणाकडे लक्ष दे. हुंडी वटवताना पाडलेली भोके किंवा दिलेली चीर बुजवण्याचा मोह होईल, पण पैसे चुकते झाल्याचा तोच पुरावा आहे, तो जसाच्या तसा राहू दे.