अडत नाही कोणाचे?

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. चार वर्षांचा मुलगा अजून बोलत नाही, त्याची स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी चालू आहे, स्वतःला इंग्रजी फारसे येत नाही आणि दवाखान्यात सोबत यायला यजमान रजा काढत नाहीत. त्यांना कसे समजवावे, असे त्या विचारतात.

ताई, यजमानांविषयी तुम्ही दीड पान लिहिले आहे. ते बाजूला ठेवून मी तुमच्या एका ओळीपाशी थांबते. ‘दवाखान्यात दहा वर्षांची थोरली सगळे समजावून सांगते, त्यामुळे अडत नाही, हल्ली मात्र आदल्या रात्री तिचे पोट दुखते,’ असे तुम्ही जाता जाता लिहून गेलात.

अशा तपासणीत काय विचारतात हे तुम्हाला ठाऊक आहे: बाळंतपणात काही गुंतागुंत झाली होती का, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, आईला झोप लागते का. आईची ही उत्तरे परक्या माणसाला इंग्रजीत सांगायची आणि डॉक्टर भावाविषयी जे बोलतील ते आईला रडू येणार नाही अशा बेताने मराठीत सांगायचे, हे काम तुम्ही त्या पोरीवर टाकले आहे. ती गाळून सांगते, याविषयी मला शंका नाही. ‘डॉक्टर म्हणाले, औषधाने होईल बरा’ असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. स्वमग्नता औषधाने बरी होईल, असे तपासणी करणारा जाणकार डॉक्टर म्हणणार नाही.

एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दुभाषी मोफत मिळतो. प्राथमिक आरोग्यसेवेसाठी 2018 मध्ये काढलेल्या सूचनांत तर तातडीच्या उपचारांचा प्रसंग सोडता 16 वर्षांखालील मुलांकडून हे काम करून घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. नर्सने दुभाष्याचे सुचवलेही होते, पण ‘ओळखीतले कोणी निघाले तर घरचे चव्हाट्यावर येईल’ म्हणून तुम्ही नको म्हणालात. दुभाष्यावर गोपनीयतेचे बंधन असते, आणि तो फोनवरूनही मिळू शकतो, म्हणजे समोर ओळखीचा चेहरा येण्याचाही प्रश्न उरत नाही. जे चार लोकांपासून झाकायचे म्हणता, ते सगळे तुम्ही लेकीपुढे मांडून बसला आहात.

यजमानांकडे रजा मागू नका. उद्या जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडून दवाखान्यात एक फोन करून घ्या. मुलाच्या नोंदीत ‘मराठी दुभाषी हवा’ असे लिहून घ्यायला त्यांनी सांगावे आणि दोन भाषांत बोलणे लांबते म्हणून भेटीची वेळही वाढवून मागावी. त्या दिवशी थोरलीला शाळेत पाठवा. मागच्या भेटींत डॉक्टर नेमके काय म्हणाले ते दुभाष्यामार्फत पहिल्यापासून विचारून घ्या. ऐकताना जड जाईल, तरी ते तुमचे तुम्हीच ऐका. आणि घरी आल्यावर, आजवर काय गाळलेस म्हणून मुलीची उलटतपासणी करू नका.