फिरकी घ्यायची, पण कुणाची?

"ऑक्टोबरात जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीवर रुजू होतेय. तिथे कुणी रंगावरून, उच्चारांवरून टोमणा मारला तर भांडायचं की हसण्यावारी न्यायचं? तुम्ही म्हणे सगळं हसून घालवता," असं तू विचारलंस. सगळं नाही गं. आणि जे घालवायला गेलो, त्यातलं एक अजून घशात अडकलंय.

मी २००९ पासून शेजारच्या ब्योब्लिंगेनला राहतो. इथे उघड शिवीगाळ क्वचित ऐकलीय. जास्त असतं ते गोड बोलून घेतलेलं माप. "कुठले तुम्ही?" "ब्योब्लिंगेनचा." "तसं नाही हो, मूळचे?" "मूळचा होय! मूळचा झिंडेलफिंगेनचा. तिथलं भाडं परवडेना." दोन्ही गावं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे विचारणारा हसतो, आणि नाशिकचं नाव कधी काढायचं ते मी ठरवतो.

दुसरं, एक यमक कानावर येईल. २००० साली जर्मन सरकारने परदेशी संगणक तज्ज्ञांना ग्रीन कार्ड द्यायचं ठरवलं, २०,००० पर्यंत. त्याच वर्षी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत 'किंडर श्टाट इंडर' गाजलं, म्हणजे 'भारतीयांऐवजी आपली मुलं'. अजूनही एखादे आजोबा बिअरच्या दुसऱ्या ग्लासानंतर ते ऐकवतात. मी म्हणतो, "माइने किंडर झिंड इंडर." माझी मुलंच भारतीय आहेत, आता काय करू? यमक त्यांचंच, फक्त शेपूट माझं.

आपल्या जर्मनवर कुणी बोललं तर काळजीच करू नकोस. श्वाबियन, म्हणजे इथल्या भागातल्या लोकांच्या बोलीची बाकीचा जर्मनी टिंगल करतो, आणि यांच्या राज्याने १९९९ मध्ये जाहिरातच काढली होती: 'आम्हाला सगळं येतं, शुद्ध जर्मन सोडून.' त्यामुळे "आम्हा श्वाबियनांना कुठलं आलंय शुद्ध जर्मन!" एवढं पुरतं. त्यातल्या 'आम्हा'वर जोर दे.

घर बदललं तेव्हा खालच्या बाई सामान आत यायच्या आधीच म्हणाल्या, "आमच्याकडे जिना पुसावा लागतो, माहीत आहे ना?" इथे केअरवोखे असतो, आळीपाळीने जिना पुसायचा आठवडा. आमच्या पाळीला मी जर्मनमध्ये पुणेरी पाटी लावली: 'पायऱ्या पुसल्या आहेत. चष्मा लावून खात्री करावी. नंतरच्या तक्रारी स्वीकारल्या जाणार नाहीत.' बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटीखाली चिठ्ठी होती: 'कोपरे राहिले.' त्या दिवसापासून आमचं बरं चाललंय.

आता अडकलेलं. मी आलो तेव्हा काया यानार या तुर्की वंशाच्या विनोदवीराने टीव्हीवर रंगवलेला रणजित नावाचा भारतीय लोकांच्या लक्षात होता, त्या हेलासकट. ऑफिसात आपलंसं व्हायची घाई, म्हणून जेवणाच्या टेबलावर मी स्वतःच तो हेल काढायचो. टाळ्या मिळायच्या. वर्षभराने सांगलीचा एक मुलगा आला. त्याच्या पहिल्या सादरीकरणात एकाने त्याचंच वाक्य त्या हेलात परत म्हटलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसलो. तो मुलगा पुढे दोन वर्षं माझ्याशी इंग्रजीतच बोलला. म्हणून आपल्या हेलाची, वासाची, देवांची नक्कल जेवणाच्या टेबलावर ठेवून येऊ नकोस. तू उठून गेलीस तरी ती तिथेच राहते. तुर्की लोकांवरचे विनोद ऐकवतील, तिथेही दात काढू नकोस.

माझी बायको मात्र माझे हे उपाय मोडीत काढते. अनोळखी पुरुषाला बाईने उलट विनोद केला की त्याला ते आमंत्रण वाटतं, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंय. ती चेहरा कोरा ठेवून "वी बिटे?" म्हणते, काय म्हणालात? समोरच्याला तेच पुन्हा म्हणावं लागतं, आणि दुसऱ्यांदा त्यातला विनोद हमखास मरतो. मीटिंगमध्येही हे चालतं.

काही ठिकाणी तोंड मिटून काम करायचं. फोनवर मला "घर गेलं" असं सांगितलं, आणि दहा मिनिटांनी जर्मन आडनावाच्या सहकाऱ्याला तेच घर बघायला बोलावलं. तिथे कसली कोपरखळी? भेदभावाविरुद्ध २००६ चा कायदा आहे, घर आणि नोकरी दोन्हींसाठी, पण दावा दोन महिन्यांच्या आत मांडावा लागतो. मी चिडण्यात तीन घालवले. तारीख, वेळ, शब्द त्याच दिवशी लिहून ठेव. भेदभावविरोधी केंद्रीय कार्यालय फुकट सल्ला देतं. आणि रात्रीच्या एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, पिऊन कुणी अंगावर आलं तर डबा बदल, पोलिसांचा ११० लाव. त्याला हसवणं तुझं काम नाही.

पोचलीस की रविवारी घरी ये. केअरवोखे बहुतेक आमचाच असेल, तेव्हा बूट खालीच पूस.