वाफ्यात शेणखत घालण्यापूर्वी

आपण वाफ्यांसाठी शेण मिळवले आहे, ही चांगली सुरुवात आहे. मात्र ते ताजेच मातीत मिसळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ताज्या शेणातील अमोनियामुळे कोवळी मुळे करपतात, शिवाय त्यात तणांचे जिवंत बी आणि ई. कोलायसारखे जंतू असू शकतात. म्हणून शेण व वाळलेला पालापाचोळा यांचे थर देऊन ढीग रचावा, तो ओलसर ठेवावा आणि अधूनमधून वरखाली करावा, म्हणजे आतील तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन बहुतेक बी व जंतू नष्ट होतात.

खत मुरले की नाही, हे हातालाच कळते: मूठभर खत काळसर व भुसभुशीत लागते, आणि शेणाचा उग्र वास जाऊन ओल्या मातीचा वास येतो. असे खत २ ते ३ सेंटिमीटर जाडीने पसरून वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळावे. कोंबडीखतात नत्र जास्त असल्याने ते बरेच कमी वापरावे. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात तर हात आखडताच घ्यावा, नाहीतर पाला माजतो आणि मुळांना फाटे फुटतात.

ताजे शेण घालणे अगदीच अटळ असेल, तर मातीला टेकणाऱ्या भाज्यांच्या काढणीपूर्वी किमान १२० दिवस ते मातीत मिसळलेले असावे.

जनावरांच्या चाऱ्यावर तणनाशक फवारले होते का, हेही अवश्य विचारावे. काही तणनाशके कुजल्यानंतरही खतात टिकतात. शंका असल्यास खत मिसळलेल्या कुंडीत घेवडा पेरून पाहावा. त्याची पाने आकसून वेडीवाकडी आली, तर ते खत भाजीला वापरू नये.